मान मोकळी की पक्की

सुन्या, तोंडभर दाढी राखणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या दाढीसाठी रेझर बनवायला का घ्यावा, हे मी तुला कितीदा विचारलं असेल. तू त्या दाढीतच हसायचास. म्हणायचास, "साताऱ्यातला पेढेवाला कुठं सोताचे पेढे खातो, आक्का?" झालं, बोलणं खुंटलं. वाद रंगात आला की असं एक वाक्य टाकायचं आणि चहाला उठून जायचं, ही तुझी लहानपणापासूनची खोड. ह्या खेपेला कायमचाच उठून गेलास. मी इथं अर्ध्या वाक्यावर बसून आहे.

तुझा तेरावा झाला तरी मी अजून रहिमतपुरातच आहे, तुझ्याच घरी. सांगलीला परतावं लागेल, पण पाय निघत नाही. भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं, "सर लय शांत. कवा कुणाला उलटून बोलले न्हाईत." मी मान डोलावते आणि मनात म्हणते, असतील बाबा, कराडच्या पोरांना मशीन ड्रॉइंग शिकवताना असतील शांत. माझ्याशी गेलं वर्षभर फोनवर जे चाललं होतं त्याला मग काय म्हणायचं? सख्ख्या बहिणीला "तुमा साचेवाल्यांना अक्कलच न्हाई" असं म्हणणारा शांत माणूस मी तरी एकच पाहिला.

आणि सगळं कशावरून, तर रेझरच्या मानेवरून. बाहेरच्या माणसाला सांगायला गेले तर हसेल.

आबांचा हात थरथरायला लागला तिथून हे सुरू झालं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला आपला बाप. दाढी केल्याशिवाय चहाचा कप तोंडाला लावताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दोन्हीकडून चालणारा तो जुना पत्तीचा रेझर, वाटीत पाणी, खिडकीला टेकवलेला आरसा. मग हळूहळू गालांवर वर्तमानपत्राचे चिटोरे दिसायला लागले, रक्त थांबवायला लावलेले. न्हाव्याला बोलवू म्हटलं तर म्हणाले, "मी काय नवरदेव हाय व्हय, दुसऱ्यानं दाढी कराया? फौजी मानूस आपली दाढी आपुन करतो." शेवटी एका सकाळी तू काही न बोलता त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतलास. त्या दिवशी तुम्ही दोघंही एकमेकांशी बोलला नाहीत, असं तुझ्या बायकोनं, रेखानं मला फोनवर सांगितलं.

जुन्या पत्तीची तुला भीती वाटली म्हणून तू दुकानातून नव्या पद्धतीचा रेझर आणलास. पुढचं ब्लेडचं मुंडकं बदलता येतं आणि दाढी करताना ते गालाच्या चढउतारावर आपोआप कलतं, तसला. आबांनी तो हातात घेऊन बोटानं मुंडकं खालीवर करून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो रेझर न्हाई, नंदीबैल हाय. जिकडं गाल, तिकडं मान." तू हसत हसत मला फोन केलास. आपल्या बोलण्यात 'मान' हा शब्द आला तो त्या दिवशी, आणि त्यानंच पुढं आपला घात केला.

तक्रार तुझी खरी होती, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. हे रेझर आरशासमोर उभं राहून स्वतःची दाढी करणाऱ्यासाठी असतात. हात खालून येतो, दांडा खाली, ओढ खाली. आबा पलंगावर उशीला टेकलेले आणि तू त्यांच्या उशाशी उभा. म्हणजे मनगट मुरगळलेलं, कोपर हवेत, आणि दांड्याचं टोक आबांच्या छातीत. त्यात म्हाताऱ्या माणसाचा सैल गाल. ब्लेड ओढलं की कातडी बरोबर येते, तिला वळी पडते, आणि मान हलवणारं मुंडकं नेमकं त्या वळीत डुबकी मारतं. "आक्का," तू म्हणालास, "दुसऱ्याची दाढी करनारा मानूस ह्या रेझरवाल्यांच्या ध्यानातच न्हाई. घरोघरी एक म्हातारं पडून आसतंय, त्याची दाढी कोन करतं?"

मी सांगलीच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं नि बादल्यांच्या कड्या यांचे साचे काढते. झाकणात कुणाचा जीव अडकत नाही. तुझ्या ह्या एका प्रश्नात माझा अडकला. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडच्या थ्रीडी छपाईच्या मशीनवर तुला एक प्लास्टिकचा दांडा छापून दिला, आखूड, जाड, खडूसारखा बोटांत धरायचा, म्हणजे दुसरा हात कातडी ताणायला मोकळा. खडूची कल्पना अर्थात तुझी, मास्तराची. तो दांडा आबांना चालला. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मग मानेचं निघालं. तू म्हणालास, मुंडकं हलूच नये, घट्ट पाहिजे. मी म्हणाले, घट्ट केलंस तर जबड्याच्या हाडावर नि हनुवटीखाली कापेल, मान मोकळीच हवी. तू म्हणालास, मोकळी ठेवली तर गालाच्या वळीत जाते. मी म्हणाले, वळीचा दोष गालाचा आहे, रेझरचा नाही. मग तू मधला मार्ग काढलास, एक बटण. दाबलं की मान अडकणार, सोडलं की सुटणार. कागदावर झकास दिसत होतं. कागदावर सगळंच झकास दिसतं रे. त्या बटणाच्या फटीत साबण नि केस जाऊन ते आठवड्यात चिकटणार, आणि असली फट साच्यातून काढताना माझा जीव जाणार, हे तुला सांगून सांगून माझा घसा बसला. तू ऐकून घ्यायचास, हं हं म्हणायचास, आणि चार दिवसांनी तेच बटण जरा वेगळ्या जागी काढून पाठवायचास.

ह्यात भर म्हणून दुकानांचा ताप. आपला दांडा ज्या मुंडक्याच्या मापाचा केला होता ते मिळेनासं झालं. नवं मुंडकं दिसायला तसंच, पण बसायची खोबण वेगळी. मुंडकं बदललं की धडही नवं घ्या, असा सगळा कारभार. तू कोरेगाव, सातारा, कराड पालथं घातलंस. एकदा एसटीतून मला फोन केलास आणि इंजिनाच्या आवाजात ओरडलास, "आक्का, अख्ख्या साताऱ्यात एक मुंडकं मिळालं न्हाई!" कंडक्टर वळून बघायला लागला, असं तूच नंतर सांगितलंस. मला हसू आलं होतं, पण त्यातून निष्पन्न काय, तर नव्या खोबणीच्या मापानं मी परत दांडा छापला आणि पाठवून दिला.

मग तुझा तो शेवटचा फोन. "आक्का, मान पक्की कर."

मी म्हटलं, आलं परत तिथंच. वर्षभर घसा फोडून सांगतेय मोकळी हवी, मोकळी हवी, आणि हा म्हणतो पक्की कर.

"हलतीया गं ती," तू म्हणालास.

"हलायलाच हवी! हलण्यासाठीच केलीय."

"आगं, पन इतकी?"

"तुझ्याच मानेला पट्टा बांधून घे," म्हणाले आणि फोन ठेवला. त्याची मी माफी मागणार नाही. ती ओळ आपल्या भांडणातल्या सौम्य ओळींपैकी होती, आणि तू रविवारी परत फोन केलाच असतास.

रविवार आला नाही. तुला परीक्षेची ड्युटी होती म्हणून सकाळी लवकर निघालास. कॉलेजच्या जिन्यात बसलास तो उठला नाहीस. मी सांगलीहून पोचेपर्यंत तुला घरी आणलं होतं.

आता आबांचं ऐक, कारण माझा खरा संताप तिथं होता. ते मागच्या खोलीतून बाहेर आले नाहीत. तुला ओसरीत ठेवलेलं, भावकी जमलेली, रेखा शुद्धीवर नाही, आणि आपला बाप भिंतीकडं तोंड करून पडलेला. चुलत्यांनी जाऊन हात जोडले, "आवं दादा, लेकाचं त्वांड तरी बघा." आबा म्हणाले, "न्हाई." मी गेले. मलाही न्हाई. तुला नेलं तरी ते उठले नाहीत. एक टिपूस नाही काढलं डोळ्यातून. फौजेनं ह्या माणसाचं काळीज काढून घेतलंय, असं मी रेखाला म्हणाले, आणि मला ते त्या वेळी अगदी खरं वाटत होतं.

दहाव्याला नदीवर भावकीतल्या पुरुषांची डोकी झाली, दाढ्या झाल्या. न्हावी मुद्दाम घरी आला, आबांची करून जातो म्हणाला. त्याला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत लावला. गालभर पांढरे खुंट वाढलेले, चहा बंद, भाकरी दोन घासांवर आलेली. ते पुढच्या सोप्याला पाऊल टाकत नव्हते, कारण तिथं तुझा हार घातलेला फोटो आहे. चुलते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, म्हाताऱ्याचंबी काय खरं न्हाई आता." तुझ्यामागं आबाही चालले, हे मला दिसत होतं आणि काय करावं कळत नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाटीत पाणी घेतलं, तुझा तो आखूड रेझर घेतला आणि मागच्या खोलीत गेले. जन्मात कुणाची दाढी केलेली नाही. माझ्या नवऱ्याचीसुद्धा नाही.

"आबा, दाढी करू का?"

तोंड भिंतीकडंच. मग माझा तोल गेला. "आवं, तुमच्या लेकानं नि मी वरीसभर डोकी फोडली ह्या रेझरपायी. त्यो गेला. मला एकदा तरी बघू द्या, झालाय कसा त्यो!"

मग त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं.

मी साबण लावला, दांडा खडूसारखा धरला, कानाजवळ टेकवला आणि ओढला. मुंडकं निसटून टॉवेलावर पडलं. माझ्या हातात नुसता दांडा.

"पडलं व्हय?" आबा म्हणाले. इतक्या दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य. "पडायचंच."

"पडायचंच म्हंजे?"

"रोज पडतंय. मंग त्यो त्ये उचलायचा, धुवायचा, बसवायचा आन तुला शिव्या घालायचा. 'आक्काला किती येळा सांगितलं, मान पक्की कर म्हनून!'"

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले. सुन्या, अरे मूर्खा. मान! माझी मान म्हणजे मुंडकं जिथं कलतं ती जागा, कारण नंदीबैल तिथं मान हलवतो. तुझी मान म्हणजे मुंडकं ज्याच्यावर बसतं तो दांड्याचा जोड, कारण मुंडकं मानेवरच बसणार. दोघांचंही बरोबर. मी ठेवायला सांगत होते कलणं मोकळं, तू करायला सांगत होतास जोड पक्का. निदान त्या शेवटच्या फोनवर आपलं भांडण नव्हतंच! ड्रॉइंग शिकवणारा तू, ड्रॉइंगवर पोट भरणारी मी, आणि एकाच शब्दानं आपण दोन वेगळे भाग म्हणतोय, हे कुणी तपासलं नाही. "मुंडकं पडतंय" एवढे दोन शब्द तुला बोलता येत नव्हते? एसटीत मुंडक्याच्या नावानं ओरडायला येत होतं की.

अंगठा जोडावर दाबून धरून मी दाढी पुरी केली. डाव्या गालावर वळीत गेलंच, रक्ताचा ठिपका आला. पुसून झाल्यावर आबांनी थरथरता हात गालावर फिरवला. "हितं ऱ्हायलं." मी ते काढलं. "हितंबी." तेही काढलं. मग पाय पलंगाखाली सोडत म्हणाले, "आता चल."

"कुठं?"

"सुन्यापशी."

मी त्यांना धरून पुढं आणत होते तेव्हा मधल्या दारात थांबून त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी तू गडबडीत म्हणाला होतास, "आबा, आज घाई हाय, सांजच्याला करतो." ते वाट बघत बसले होते. सांजेला तू आलास तो असा आलास. "दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडानं बाप लेकाला निरोप द्यायला जातो व्हय गं? सोताला करता येत न्हाई. दुसऱ्या कुनाला सांगू, त्यो करतो म्हनलेला आसताना?"

मी तोपर्यंत त्यांच्याविषयी काय काय बोलले होते ते तुला सांगितलं आहेच. त्यांना नाही सांगणार. फोटोसमोर उभं राहून ते रडले, आवाज काढून, माझा खांदा दाबून धरून, आणि मी रडले ते दोघांच्याही नावानं खडे फोडत रडले. एवढी साधी गोष्ट बोलायला ह्या घरातल्या माणसांना काय होतं, कळत नाही. त्यानंतर त्यांनी चहा मागितला.

आज सकाळी मी निघायच्या तयारीत होते. रोज दाढी करायला मी सांगलीहून येणार नव्हते, हे सगळ्यांना माहीत, आणि बोलत कुणीच नव्हतं. तुझी रेखा शाळेत मराठी शिकवते, तिचा आवाज म्हणे मैदानापलीकडं ऐकू जातो. घरात सासऱ्यासमोर मात्र ती इतकी वर्षं डोक्यावरचा पदर सावरत कुजबुजत आलीय. ती टॉवेल घेऊन आली आणि मला म्हणाली, "आक्का, कसं धरायचं दाखवा." आबांनी खिडकीबाहेर बघितलं. नाही म्हणाले नाहीत, तोच होकार.

मी अंगठा कुठं दाबायचा ते दाखवलं. कान, कल्ला, सगळं नीट झालं. डाव्या गालावर आली आणि मुंडकं वळीकडं कललं, परवाच्यासारखंच. रेखानं हात थांबवला. आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "आबा, गाल फुगवा की!"

आबांनी तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता वाटी भिंतीवर जाते. आणि मग सुन्या, त्यांनी गाल फुगवला.

वळी गेली. मुंडकं त्या गोल गालावरून मान हलवत, कलत, सरळ जबड्यापर्यंत आलं. ठिपका नाही, ओरखडा नाही. रेखानं दुसरा गाल फुगवायला सांगितला, तोही फुगवला. शेवटी वरचा ओठ दाताखाली ताणायला लावला तिनं.

दाढी करणारा प्रत्येक पुरुष स्वतःचा गाल न सांगता फुगवतो. आबाही आरशासमोर फुगवत असणारच. पण दुसऱ्याच्या हाताखाली बसल्यावर त्यांनी तोंड घट्ट मिटून त्याची सुपारी करून ठेवली, आणि तू गाल फुगवा म्हणाला नाहीस. म्हणशील कसा? सुभेदारांना गाल फुगवायला कोण सांगणार! बापाचा मान राखायचा म्हणून तू रेझरच्या मानेला कुलूप घालायला निघालास, बटणं काढलीस, माझ्याशी वर्षभर भांडलास. मलाही सुचलं नाही, मीही त्याच बापाची.

तेव्हा ऐक. जोडाचं तुझं खरं होतं. सांगलीला पोचले की पहिलं काम ते, असा पक्का करते की उचकटायला पक्कड लागेल. बटण मात्र होणार नाही. मान मोकळीच राहणार. तो वाद मी जिंकले, आज सकाळी, आबांच्या डाव्या गालावर, रेखा साक्षीला. तू हरलास रे. हरलेल्या माणसाचं तोंड बघायला मिळावं म्हणून तर इतकं भांडायचं असतं, आणि तू तेवढंसुद्धा मला ठेवलं नाहीस.